साडेसातशे किलोचा बिनब्रेकचा ट्रेलर : जर्मनीतल्या कागदपत्रांसकट

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा ट्रेलरचा नाही, तो विकणाऱ्याच्या जिभेचा आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी वस्तू. एका आसाचा, उघडा, बिनब्रेकचा ट्रेलर. कागदावरचं परवानगीचं एकूण वजन ७५० किलो, रिकामा साधारण दीडशे किलो, म्हणजे सहाशेच्या आसपास माल बसतो. आतून दोन मीटर लांब, मीटरभराहून थोडा रुंद. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, तेरा इंची चाकं, मागचा फाळका खाली पडतो, पुढचाही पडतो. (पुढचा पडणारा घ्या. लांब पाइप, शिडी, मांडवाचे बांबू पुढे सरकवता येतात.) किंमत आठशे युरोच्या आत. आम्ही कार्ल्सरूहजवळ राहतो. मराठी मंडळाचं मखर, ढोल-ताशे, कुणाचं घर बदलणं, बागेतला पालापाचोळा, अशी सगळी हमाली हा करतो. पत्र्याला अजून गंज नाही, दिवे शाबूत आहेत, बेअरिंगचा आवाज नाही. वस्तू म्हणून तक्रार शून्य.

पण इथे ट्रेलर घेणं म्हणजे डबा घेणं नव्हे. जर्मनीत ट्रेलर ही स्वतंत्र गाडी आहे. त्याला स्वतःचा नंबर, स्वतःचं फाहरत्सॉइगशाइन म्हणजे आरसी, स्वतःचा विमा, स्वतःचा कर आणि स्वतःची ट्यूफ या संस्थेची तांत्रिक तपासणी. मला परीक्षण खरं तर याचंच लिहायचं आहे, कारण आपल्या व्हॉट्सॲप गटांवर या विषयात जे सल्ले फिरतात ते अर्धे इंग्लंडचे असतात आणि अर्धे सांगली जिल्ह्यातले.

सांगलीचं आधी. आमच्याकडे कारखान्याच्या वाटेवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातो, मागे ना दिवा ना नंबर. ते बघत वाढलेल्या माणसाला ट्रेलरला वेगळा विमा ही कल्पनाच चैनीची वाटते. वास्तविक आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातसुद्धा ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलर धरलेला आहे. कायदा तिथेही आहे. फरक एवढाच की इथे तो अंगाला लागतो. विम्याविना ट्रेलर रस्त्यावर आणणं हा जर्मनीत नुसता दंडाचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे.

आता इंग्लंडचं. ब्रिटनमध्ये छोट्या ट्रेलरला स्वतःचा नंबर नसतो. ओढणाऱ्या गाडीचाच नंबर पिवळ्या पाटीवर मागे लावायचा. नेदरलँड्समध्ये ७५० किलोपर्यंत तेच, फक्त पाटी पांढरी. फ्रान्समध्ये ही सवलत ५०० किलोपर्यंतच. त्यावर गेलात की ट्रेलरचा वेगळा कार्त ग्रीझ म्हणजे तिथली आरसी, आणि ७५० च्या वर वेगळा विमाही. म्हणजे आमच्या घरापासून तासाभरावर असलेल्या स्ट्रासबुर्गमध्ये नियम निराळा. लंडनचा भाचा खात्रीने सांगतो, ‘मावशी, मागे गाडीचाच नंबर लाव, काही होत नाही.’ त्याच्याकडे खरंच काही होत नाही. माझ्याकडे पोलिस थांबवतील. जुना ट्रेलर बघायला गेलो होतो तेव्हा एका खाजगी विक्रेत्यानेही हेच सुचवलं होतं, ‘आज घेऊन जा, घरापर्यंत तुझाच नंबर लाव.’ रविवारची संध्याकाळ होती, त्याला तो अंगणातून घालवायचा होता. असं नेता येत नाही. नोंदणी आधी, नाहीतर पाच दिवस चालणारी तात्पुरती नंबरप्लेट काढून. आणि तिलाही विमा लागतोच.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट कळली, ती जुना ट्रेलर शोधणाऱ्यांसाठी सोन्यासारखी आहे. जाहिरातींत नेदरलँड्समधून आलेले स्वस्त ट्रेलर दिसतात. तिथे हलक्या ट्रेलरची नोंदणीच नसल्याने सोबत कागद नसतात. ट्रेलर युरोपीय मानकांनुसार बनवल्याचं कंपनीचं सीओसी प्रमाणपत्र हातात नसेल, तर जर्मनीत त्याची ट्यूफ किंवा डेक्रा या तपासणी संस्थांच्या तज्ज्ञाकडून पहिल्यापासून तपासणी करून घ्यावी लागते, आणि मग स्वस्त घेतलेला माल नव्याच्या भावात जातो. अशी जाहिरात दिसली की फोटो नंतर बघा, सीओसी आहे का ते आधी विचारा.

आम्ही शेवटी नवाच घेतला, गावाबाहेरच्या एका दुकानातून. नाव लिहीत नाही. विक्रेता गोड माणूस, कॉफी दिली, हूक अडकवून दाखवला. पण त्याच्या तोंडून दोन गोष्टी आल्या. पहिली, ‘कागदपत्रांचं पॅकेज’ घ्या, तुमच्यासारख्या परदेशी लोकांना तो कारभार जमत नाही. पॅकेजची किंमत ऐकून मी यांच्याकडे पाहिलं, यांनी छताकडे पाहिलं. पॅकेजमधला विमासुद्धा त्यांच्याच ओळखीच्या कंपनीचा, मी घरी बसून काढला त्याच्या जवळजवळ दुप्पट.

म्हणून तो कारभार काय आहे ते सांगते. कुठल्याही विमा कंपनीच्या साइटवर ट्रेलरचा थर्ड पार्टी विमा घ्या. वर्षाला वीस-पंचवीस युरोंच्या घरात मिळतो, आणि गाडीचा विमा ज्या कंपनीचा त्याच कंपनीचा असायला हवा असं काही नाही. ईमेलवर विम्याचा पुरावा म्हणून सात अक्षरी-आकडी ईव्हीबी नंबर येतो. तो, पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड, पत्त्याची नोंद, ट्रेलरचे कागद, आणि कर बँकेतून थेट कापून घेण्याची सही केलेली संमती, एवढं घेऊन त्सुलासुंगश्टेलेत, म्हणजे इथल्या आरटीओत जायचं. संमतीचा फॉर्म घरीच भरून न्या. आयबॅनचा, म्हणजे बँक खात्याचा, आकडा काउंटरवर मोबाइलमध्ये शोधत बसलात तर मागची रांग घसा खाकरते. कर आरटीओ नाही, कस्टम खातं वसूल करतं, आणि तो दर २०० किलोंना ७.४६ युरो असा मोजतात. ७५० किलोंचे चार टप्पे, २९.८४, पैसे सोडून २९ युरो वर्षाला. विमा आणि कर मिळून महिन्याला एका साध्या जेवणाएवढंही होत नाही.

काउंटरवरची बाई मला आवडली. नंबर टाइप करून म्हणाली, ‘एकच पाटी हं, ट्रेलरला पुढे लागत नाही.’ मग समोरच्या दुकानातून पाटी छापून आणा. आरटीओच्या दारातली ही दुकानं महाग असतात; नंबर आधी ऑनलाइन राखून पाटी घरी मागवली तर बरीच स्वस्त पडते. मनासारखा नंबर हवा असेल तर १०.२० युरो, आगाऊ राखून ठेवण्याचे आणखी २.६० युरो. आम्ही घेतला नाही, ट्रेलरला कसला आलाय हौसेचा नंबर. पाटी परत नेली की ती बाई दोन गोल स्टिकर खरवडणीने दाबून चिकटवते, एक राज्याचा शिक्का आणि एक तपासणीची मुदत दाखवणारा, आणि पाटी तुमच्याकडे सरकवते. झालं. पॅकेज याचं होतं.

हे सगळं ऑनलाइनही करता येतं, आणि १ सप्टेंबर २०२३ पासून नोंदणी झाल्या झाल्या छापील पुरावा लावून दहा दिवस, फक्त जर्मनीच्या आत, गाडी चालवता येते. त्याला रेसिडेन्स कार्डाची ऑनलाइन ओळख चालू असावी लागते आणि त्याचा पिन हवा. ज्यांच्या कपाटात ते पिनचं पत्र सापडतं त्यांना माझा दंडवत.

तपासणीचंही इथेच सांगून टाकते. बिनब्रेकच्या ७५० किलोच्या नव्या ट्रेलरला पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. त्याहून जड, साडेतीन टनांपर्यंतचा असेल तर पहिल्यापासून दर दोन वर्षांनी.

आता विक्रेत्याची दुसरी गोष्ट, जिच्यासाठी तारा कापला. ‘शंभरचा स्टिकर लावून देतो, ऑटोबानवर शंभरने जा.’ जर्मनीत ट्रेलर जोडला की गावाबाहेर आणि ऑटोबानवर म्हणजे द्रुतगती महामार्गावरही ताशी ८० ची मर्यादा. अटी पूर्ण केल्या तर ऑटोबानवर १०० ची परवानगी मिळते : ओढणाऱ्या गाडीला एबीएस, ट्रेलरचे टायर सहा वर्षांहून जुने नकोत, असं बरंच. पण मुख्य अट वजनाची आहे, आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी ती फार कडक आहे. ट्रेलरचं परवानगीचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ०.३ पटीहून जास्त नको. ७५० ला ०.३ ने भागा. अडीच हजार येतात. रिकामी असताना अडीच टन भरणारी गाडी आपल्यापैकी कुणाकडे आहे? आमची दीड टनाची, तिच्यामागे ४५० किलोपर्यंतच्या ट्रेलरलाच शंभर मिळेल. ट्रेलरला गोल पाटी लावता येईल, पण आमच्या गाडीमागे तिला काडीचा अर्थ नाही, आणि कॅमेऱ्याने टिपलं की दंड माझ्या नावावर. विक्रेत्याला हा हिशेब मी त्याच्याच कॅलक्युलेटरवर करून दाखवला. ‘सहसा कुणी विचारत नाही,’ म्हणाला.

लांबचं ऑटोबान नेहमी करणार असाल तर ब्रेक आणि शॉक ॲब्सॉर्बर असलेला ट्रेलर घ्या. तिथे हाच आकडा १.१ होतो आणि साधी कुटुंबाची गाडीही शंभरने जाऊ शकते. आमच्यासारखं पन्नास-साठ किलोमीटरच्या परिघात काम असेल तर ८० वर ट्रकच्या मागे निवांत जायचं. ढोलही सुखरूप पोचतात.

लायसन्सचा मुद्दा आपल्या लोकांना सगळ्यात जास्त अडतो. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. एवढं करून जो ‘बी’ वर्ग मिळतो, त्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर कुठल्याही गाडीमागे, डोकं न लावता चालतो. मी नेमका ७५० चा घेतला तो याच कारणाने. त्यावर गेलात की गाडी आणि ट्रेलर दोघांच्या कागदावरच्या वजनांची बेरीज ३५०० किलोच्या आत हवी. कागदावरच्या, भरलेल्या नव्हे. ट्रेलर रिकामा खडखडत असला तरी मोजायचं कागदावरचंच. २३०० ची एसयूव्ही आणि १३०० चा ट्रेलर, झाले ३६००, बी वर्ग संपला. मग बी-९६ लागतं, बेरीज ४२५० पर्यंत, त्यासाठी फक्त प्रशिक्षण असतं, परीक्षा नसते. त्याहून मोठ्याला बीई, तिथे प्रत्यक्ष परीक्षा. चुकीच्या वर्गावर चालवलंत तर कायद्याच्या लेखी तुम्ही विनालायसन्स आहात.

गंमत अशी की गाडीची ओढण्याची ताकद मोजताना हिशेब उलटा. गाडीच्या शाइनवर, म्हणजे आरसीवर, ओ.१ आणि ओ.२ अशी दोन घरं असतात, ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी. छोट्या गाड्यांचा ओ.२ सहाशेच्याही खाली असतो. इथे मात्र प्रत्यक्ष भरलेलं वजन मोजतात. म्हणजे छोट्या गाडीमागे ७५० चा ट्रेलर जोडता येतो, फक्त पूर्ण भरता येत नाही. काही इलेक्ट्रिक गाड्यांच्या या घरात नुसती रेघ असते. ट्रेलरच्या दुकानात जाण्याआधी ती रेघ बघा.

विम्यातून काय मिळतं? ट्रेलर जोडलेला असताना अपघात झाला तर १७ जुलै २०२० पासूनच्या नियमाने भार सर्वसाधारणपणे ओढणाऱ्या गाडीच्या विम्यावर पडतो. त्याआधी, जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालामुळे, दोन्ही विमे निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे. नियम बदलल्यावर ट्रेलरच्या विम्याचं मुख्य काम उरतं ते सुटा उभा असताना : उतारावरून घरंगळला, वाऱ्याने शेजाऱ्याच्या गाडीवर गेला. आतला माल या विम्यात नाही. चोरी नाही, तिला टाइलकास्को म्हणजे आंशिक नुकसानीचा विमा वेगळा. आणि हे नीट वाचा : रिव्हर्स घेताना ट्रेलर आडवा होऊन तुमच्याच बंपरला लागला, तर गाडीचा फोलकास्को, म्हणजे संपूर्ण नुकसानीचा विमासुद्धा बहुधा हात वर करतो. आपलीच गाडी आणि आपलाच ट्रेलर यांच्यातल्या भांडणाला कुणी पैसे देत नाही. आमच्या ह्यांना मंडळाच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स शिकवताना मी म्हणून बाहेर उभी राहून हात करते.

ट्रेलर मित्रांना द्यायला हरकत नाही. भाडं घेतलंत की मात्र तो भाड्याचा ट्रेलर झाला, त्याला विमा वेगळ्या प्रकारचा लागतो. लोक संकोचाने वीस युरो पुढे करतात. मी श्रीखंड मागते. आणखी एक मोह आहे, हिरव्या नंबरचा. होडी, घोडा, ग्लायडर अशा खेळाच्या सामानासाठीच वापरायच्या ट्रेलरला हिरवा नंबर मिळतो, त्याला कर नाही, विम्याची सक्ती नाही. त्यात सोफा टाकून नेलात की करचोरी. मखर हा क्रीडाप्रकार नाही, मी विचार करून पाहिला.

माणसांबद्दल सांगायची गरज नसावी, तरी सांगते. ट्रॉलीत बसून जत्रेला गेलेले आपण. ढोल सांभाळायला मागे कुणीतरी बसतो म्हणणारे निघतातच. ट्रेलरमध्ये माणूस बसवता येत नाही, पार्किंगपासून हॉलपर्यंतसुद्धा नाही.

सीमेपलीकडे नेताना. स्वतःचा नंबर असलेला जर्मन ट्रेलर शेजारच्या देशांत नंबरच्या जोरावर जातो, ग्रीन कार्ड, म्हणजे परदेशात चालणारा विम्याचा पुरावा, दाखवावं लागत नाही. तुर्कस्तान, अल्बानिया, मोरोक्को अशा ठिकाणी निघालात तर ट्रेलरचं वेगळं ग्रीन कार्ड विमा कंपनीकडून मागून घ्या. २०२० पासून ते साध्या पांढऱ्या कागदावर छापलेलं चालतं. स्वित्झर्लंडचा चटका आम्ही बाझलच्या मैत्रिणीचं सामान नेताना अनुभवला : तिथे मोटारवेवर ट्रेलरला स्वतःची विन्येट, म्हणजे टोलचा परवाना, लागते, गाडीची वेगळी. आणखी ४० फ्रँक, तेही वर्षाचेच, कारण छोट्या मुदतीची तिथे मिळतच नाही. ई-विन्येट ट्रेलरच्या नंबरवर काढायची. ऑस्ट्रियात असलं काही नाही, गाडीची विन्येट पुरते. ब्रेकवाला ट्रेलर घेऊन स्वित्झर्लंड किंवा नेदरलँड्सला जाणार असाल, तर ब्रेकची सुरक्षा-तार (ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी) हुकाच्या बॉलच्या मानेत नुसती अडकवून चालत नाही, हुकाला तिच्यासाठी वेगळी कडी हवी. लंडनच्या भाच्यासाठी : व्यवसायाचा ७५० किलोवरचा, किंवा कुठल्याही वापराचा ३५०० किलोवरचा ब्रिटिश ट्रेलर युरोपात आणायचा तर २८ मार्च २०१९ पासून आधी नोंदणी लागते. तो जे खेळण्यातलं चाकगाडं वापरतो त्याला लागत नाही, त्यामुळे त्याचा आत्मविश्वास अबाधित राहणार.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी घेण्याआधी ठेवायची जागा शोधा. सुटा ट्रेलर रस्त्यावर सलग दोन आठवड्यांहून जास्त उभा ठेवता येत नाही. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, ते तारीख लक्षात ठेवतात आणि अतिशय नम्र भाषेत चिठ्ठी लावतात. आम्ही आता एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे वर्षाच्या भाड्याने जागा घेतली आहे. ते भाडं कर आणि विमा दोन्हींपेक्षा जास्त आहे.

दुकानातून ताडपत्री घेऊ नका. सपाट ताडपत्रीवर पावसाचं तळं साठतं आणि मखराच्या थर्माकोलवर ओततं. मधोमध उंच करणारी कमान असलेली बाहेरून मागवा, आणि वरून जाळी टाका.